घरातला थर्मामीटर: निवड, वापर आणि आकड्याचा अर्थ

सांगली-सातारा भागात ताप आलेल्या माणसाला आधी गावातल्या डॉक्टरांना दाखवायचे आणि दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही तर मिरजेला किंवा साताऱ्याला न्यायचे, अशी सर्वसाधारण रीत आहे. तेथे डॉक्टरांचे पहिले प्रश्न ठरलेले असतात: ताप किती होता, कधी चढला, आणि गोळी दिल्यावर किती वेळाने उतरला? यावर बहुतेक वेळा "अंग नुसते फणफणत होते" एवढेच उत्तर मिळते. कपाळाला हात लावून ताप आहे की नाही याचा अंदाज येतो, आणि हाताला ताप लागला नाही तर सहसा तो नसतोच. पण किती आहे, हे हाताला सांगता येत नाही. गार पाण्यात भांडी घासून आलेल्या हाताला तर निरोगी मुलाचे कपाळही गरम लागते.

म्हणून घरात थर्मामीटर हवा. परंतु तो असूनही काम भागत नाही, कारण १००.२ हा आकडा काखेतला की जिभेखालचा, पहाटेचा की संध्याकाळचा, गोळीच्या आधीचा की नंतरचा, हे कळल्याशिवाय त्याला पुरता अर्थ येत नाही. पुढील सर्व सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात: एक साधे, खात्रीचे उपकरण घ्यावे, ते दर वेळी एकाच जागी आणि एकाच पद्धतीने लावावे, आणि आकडा वेळेसह लिहून ठेवावा.

कोणता थर्मामीटर घ्यावा

पाऱ्याचा काचेचा थर्मामीटर अजूनही अनेक घरांत औषधांच्या डब्यात सापडतो. तो अचूक असतो, त्याला सेल लागत नाही आणि तो वर्षानुवर्षे बिघडत नाही, हे खरे आहे. त्याचा दोष त्याच्या पोटात असतो. पारा खोलीच्या तापमानालाही हळूहळू वाफ होऊन हवेत मिसळतो आणि ती वाफ श्वासावाटे शरीरात जाते. फुटलेल्या एका थर्मामीटरातला पारा थोडाच असला तरी लहान, बंद खोलीत आणि रांगत्या मुलाच्या घरात तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी २०१३ साली जपानमध्ये मिनामाता करार झाला, भारताने त्याला २०१८ साली मान्यता दिली, आणि पाऱ्याचे थर्मामीटर हळूहळू बाजारातून काढून टाकणे हा त्या कराराचा एक भाग आहे. घरात जुना, न फुटलेला थर्मामीटर असेल तर घाबरण्याचे कारण नाही. मात्र नवा घेताना पाऱ्याचा घेऊ नये.

मेडिकलच्या दुकानात सर्वांत सहज मिळतो तो कांडीसारखा डिजिटल थर्मामीटर. त्याच्या धातूच्या टोकात तापमानानुसार विद्युतरोध बदलणारा एक बारीक घटक असतो. आतले सर्किट तो रोध मोजते आणि पडद्यावर आकडा दाखवते. चांगल्या डिजिटल थर्मामीटरची अचूकता तापाच्या नेहमीच्या टप्प्यात अधिक-उणे ०.१ अंश सेल्सिअस, म्हणजे सुमारे ०.२ अंश फॅरनहाइट एवढी असते. घरगुती वापराला याहून अधिक काही लागत नाही. एका कुटुंबाने एकच थर्मामीटर घ्यायचा असेल तर तो हाच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा प्रकार कपाळासमोर धरायच्या इन्फ्रारेड थर्मामीटरचा, म्हणजे ज्याला सगळे 'गन' म्हणतात त्याचा. २०२० साली करोनाच्या काळात दुकाने, शाळा, सोसायट्या आणि साखर कारखान्यांच्या फाटकांवर या गन आल्या आणि त्यानंतर अनेक घरांतही पोहोचल्या. ती शरीराला न लावता क्षणात आकडा दाखवते, झोपलेल्या मुलाला उठवावे लागत नाही, आणि एकामागून एक अनेकांना तपासता येते. पण ती मोजते ते कपाळाच्या त्वचेतून बाहेर पडणारे उष्णतेचे प्रारण. आतले तापमान ती त्यावरून अंदाजाने काढते. त्यामुळे गनचा उपयोग चाळणीसारखा करावा: संशय आला की डिजिटल थर्मामीटर लावून खात्री करून घ्यावी.

कानात लावायचा इन्फ्रारेड थर्मामीटर कानाच्या पडद्याजवळची उष्णता मोजतो आणि नीट लावला तर चांगला आकडा देतो. पण तो महाग असतो, मळ साचलेल्या कानात चुकतो आणि सहा महिन्यांच्या आतील बाळाच्या अरुंद कानात त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कपाळावर चिकटवायच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांवर पैसे घालवू नयेत.

दुकानात काय पाहावे

डिजिटल थर्मामीटर साधारण शंभर-दोनशे रुपयांपासून मिळतो आणि किंमत वाढली म्हणून अचूकता त्याच प्रमाणात वाढते असे नाही. वाढीव पैसे बहुधा लवकर वाजणारी शिट्टी, मोठा पडदा किंवा वाकणारे टोक यांसाठी असतात. लहान मूल घरात असेल तर वाकणारे टोक खरोखर उपयोगी पडते, कारण मुलाने अंग हलवले तरी ते टोचत नाही. आजी-आजोबांनी स्वतः वाचायचा असेल तर आकडे मोठे असावेत आणि शक्यतो मागून उजेड पडणारा पडदा असावा. शेवटचा आकडा लक्षात ठेवण्याची सोय असेल तर तिचाही फायदा होतो, कारण रात्री दोन वाजता मोजलेला आकडा सकाळी पुन्हा पाहता येतो.

खोक्यावर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, तुकडी क्रमांक, अचूकतेचा उल्लेख आणि माहितीपत्रक आहे ना, हे पाहावे. डिजिटल थर्मामीटर हे भारतात वैद्यकीय उपकरण म्हणून नियमनाखाली येते, त्यामुळे नाव-गाव नसलेल्या, आठवडी बाजारात किंवा गाड्यावर मिळणाऱ्या वस्तूपासून दूर राहावे. दुकानातच कळ दाबून पडद्यावरचे सर्व आकडे पूर्ण उमटतात का ते पाहून घ्यावे आणि बिल घ्यावे.

आणखी एक गोष्ट पाहावी, ती म्हणजे आकडा फॅरनहाइटमध्ये येतो की सेल्सिअसमध्ये. आपल्याकडे घरात आणि दवाखान्यात तापाची भाषा फॅरनहाइटची आहे. काही थर्मामीटरवर कळ दाबून धरली की एकक बदलते आणि कधी चुकूनही बदलले जाते. पडद्यावर अचानक ३८.५ दिसला तर उपकरण बिघडले असे समजू नये, तो १०१.३ फॅरनहाइट आहे. सेल्सिअसच्या आकड्याला १.८ ने गुणून ३२ मिळवले की फॅरनहाइट मिळते. ३७ म्हणजे ९८.६, ३८ म्हणजे १००.४, ३९ म्हणजे १०२.२ आणि ४० म्हणजे १०४, एवढे चार टप्पे औषधांच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावेत.

मोजण्यापूर्वी

गरम चहा किंवा गार पाणी प्यायल्यावर, जेवल्यावर, तंबाखू किंवा मिश्री तोंडात असताना जिभेखालचा आकडा खरा येत नाही. निदान १५ ते २० मिनिटे थांबावे, आणि अर्धा तास थांबता आले तर अधिक चांगले. अंघोळ, उन्हातून चालत येणे, शेतातले कष्ट किंवा मुलांची धावपळ यांनंतरही अर्धा तास सावलीत बसून मग मोजावे. पांघरुणात गुंडाळून ठेवलेल्या तान्ह्या बाळाचे एक-दोन थर काढून थोड्या वेळाने मोजावे, कारण दुपट्यात, स्वेटरात आणि कानटोपीत घट्ट बांधलेले बाळ नुसत्या कपड्यांनीही तापते. कपाळावर मिठाच्या पाण्याच्या पट्ट्या चालू असतील तर त्या काढल्याबरोबर गन धरू नये. ओल्या कपाळाचा आकडा खोटा दिलासा देतो.

जिभेखाली

साधारण पाच वर्षांपुढची, सांगितलेले ऐकणारी मुले आणि मोठी माणसे यांच्यासाठी ही घरातली सर्वांत चांगली जागा आहे. सतत खोकणाऱ्या, नाक चोंदल्यामुळे तोंडाने श्वास घेणाऱ्या, उलट्या होत असलेल्या किंवा शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात मात्र थर्मामीटर देऊ नये.

१. थर्मामीटरचे टोक स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे किंवा साबण आणि साध्या पाण्याने धुवावे. गरम पाणी वापरू नये; त्याने पाऱ्याचा थर्मामीटर तडकतो आणि डिजिटल बिघडतो.

२. कळ दाबून थर्मामीटर सुरू करावा आणि पडदा मोजण्यास तयार असल्याची खूण दाखवेपर्यंत थांबावे. या वेळी तापमान उपकरणाच्या मर्यादेपेक्षा कमी असल्यामुळे बहुधा 'लो' अशी अक्षरे दिसतात. तो बिघाड नव्हे.

३. टोक जिभेच्या अगदी खाली, मधल्या शिरेच्या एका बाजूला, जिभेच्या मुळाजवळ जाईल असे ठेवावे. जिभेच्या शेंड्याखाली ठेवलेल्या थर्मामीटरचा आकडा कमी येतो. ही चूक फार सर्रास होते.

४. ओठ मिटावेत, दात लावू नयेत, बोलू नये आणि नाकाने श्वास घ्यावा.

५. शिट्टी वाजेपर्यंत थर्मामीटर तेथेच ठेवावा. पाऱ्याचा असेल तर घड्याळ लावून तीन ते चार मिनिटे ठेवावा.

६. बाहेर काढून लगेच आकडा वाचावा, लिहावा आणि टोक पुन्हा स्वच्छ करावे.

पाऱ्याच्या थर्मामीटरला दोन गोष्टी अधिक लागतात. त्याच्या नळीत पाऱ्याच्या फुग्याशेजारी एक अरुंद जागा मुद्दाम ठेवलेली असते, त्यामुळे वर चढलेला पारा आपोआप खाली येत नाही. म्हणून दर वेळी मनगटाने झटकून पारा ९५ च्या खाली उतरवावा, आणि झटकताना आजूबाजूला भिंत, पलंगाची कड किंवा माणूस नसल्याची खात्री करावी. वाचताना थर्मामीटर डोळ्यांच्या रेषेत आडवा धरून हळूहळू फिरवावा, म्हणजे चंदेरी रेघ ठळक दिसते. दोन मोठ्या रेघांमधले अंतर एका अंशाचे आणि प्रत्येक बारीक रेघ ०.२ ची असते.

काखेत

लहान मुलांसाठी आणि तोंडात थर्मामीटर ठेवता येत नाही अशा कोणासाठीही काख ही सोयीची आणि सुरक्षित जागा आहे; पण तेथील आकडा जिभेखालच्यापेक्षा साधारण अर्धा ते एक अंश फॅरनहाइटने कमी येतो आणि पद्धत ढिली झाली तर याहूनही कमी येतो. काख कोरड्या कापडाने हलकेच टिपून घ्यावी. खसाखसा पुसू नये, घर्षणाने त्वचा गरम होते. पंख्याखाली उघड्या अंगाने पडलेल्या मुलाची काख गार असते, म्हणून हात दोन-तीन मिनिटे अंगालगत मिटून ठेवावा आणि मग थर्मामीटर लावावा. टोक काखेच्या मधोमध, खोलगट भागात असावे, ते कपड्याला लागू नये आणि दुसऱ्या बाजूने बाहेर डोकावू नये. दंड छातीशी घट्ट मिटून मुलाला मांडीवर घेऊन बसावे.

शिट्टी कधी वाजते हे येथे समजून घेतले पाहिजे. तापमान वाढण्याचा वेग ठरावीक मर्यादेखाली आला की साधा डिजिटल थर्मामीटर शिट्टी देतो. तोंडात ही वेळ लवकर येते आणि आकडा बरोबर असतो. काखेत त्वचा सावकाश तापत असल्यामुळे शिट्टी वाजल्यानंतरही आकडा दोन-चार दशांश चढत राहू शकतो. म्हणून काखेत लावलेला साधा थर्मामीटर शिट्टीनंतर आणखी दोन-तीन मिनिटे तसाच ठेवावा. "दहा सेकंदांत ताप" असे लिहिलेली उपकरणे मात्र वेगावरून पुढचा आकडा आधीच वर्तवतात, त्यांच्याबाबतीत माहितीपत्रकात लिहिले असेल तेच करावे. पाऱ्याचा थर्मामीटर काखेत पूर्ण पाच मिनिटे हवा.

काखेतल्या आकड्यात एक अंश मिळवून डॉक्टरांना सांगण्याची सवय अनेक घरांत आहे. ती सोडून द्यावी. पलीकडून डॉक्टरांनीही एक मिळवला तर ताप कागदावरच दोन अंशांनी वाढतो. जो आकडा दिसला तोच सांगावा आणि "काखेत मोजला" असे जोडावे.

तान्ह्या बाळाचा ताप गुदद्वारातून सर्वांत अचूक मोजता येतो, पण ते डॉक्टरांनी किंवा परिचारिकेने प्रत्यक्ष दाखवल्याशिवाय घरी करू नये, आणि केल्यास त्यासाठी खूण केलेला वेगळा थर्मामीटर ठेवावा. घरी काखेत मोजून ९९ किंवा त्याहून अधिक आकडा आला तर डॉक्टरांकडे जावे, हे पुरेसे आहे.

गन वापरताना

आपल्या दोन जिल्ह्यांतली हवा या उपकरणाची चांगलीच परीक्षा पाहते. बहुतेक गन १० किंवा १६ अंश सेल्सिअसपासून ३५ किंवा ४० अंशांपर्यंतच्या हवेतच बरोबर चालतात. नेमकी मर्यादा माहितीपत्रकात असते. जत, आटपाडी, माण किंवा खटावमधल्या पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांतल्या दुपारी ती मर्यादा सहज ओलांडली जाते, तर महाबळेश्वर-पाचगणीच्या हिवाळ्यातली पहाट तिच्या खाली जाऊ शकते. अशा वेळी उपकरण एक तर पडद्यावर 'एरर' दाखवते किंवा, त्याहून वाईट म्हणजे, निमूटपणे चुकीचा आकडा देते. उन्हात उभ्या केलेल्या गाडीतून आणलेली गन लगेच वापरू नये. ती आणि रुग्ण दोघेही एकाच खोलीत १५ ते ३० मिनिटे राहिल्यावर मोजावे.

कपाळावरचे केस बाजूला करावेत. कुंकू, गंध, भस्म, तेल, बाम किंवा घाम कोरड्या कापडाने पुसावा आणि पुसल्यावर थोडे थांबावे. गन कपाळाच्या मध्यासमोर काटकोनात, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावर धरावी; हे अंतर बहुधा ३ ते ५ सेंटिमीटर असते. हातभर लांबून धरली की तिच्या टप्प्यात कपाळाबरोबर केस आणि मागची भिंतही येते. पंखा किंवा कूलर थेट अंगावर नसावा. तीन वेळा मोजून तिन्ही आकडे जवळपास असतील तर मधला लिहावा. त्यांत अंशाभराचा फरक असेल तर गन बाजूला ठेवून काखेत थर्मामीटर लावावा.

अनेक गनवर 'शरीर' आणि 'पृष्ठभाग' असे दोन पर्याय असतात. दुसऱ्या पर्यायावर ती त्वचेचे खरे तापमान जसेच्या तसे दाखवते आणि निरोगी माणसाचाही आकडा ९३-९४ येतो. घरात सगळ्यांनाच एवढा कमी ताप दिसू लागला तर आधी हा पर्याय तपासावा.

आकड्याचा अर्थ

९८.६ हा आकडा जर्मन वैद्य कार्ल वुंडरलिख यांच्या १८६८ सालच्या ग्रंथामुळे रूढ झाला. १९९२ साली अमेरिकेत निरोगी प्रौढांची जिभेखाली मोजणी झाली तेव्हा सरासरी ९८.२ आली. सरासरी कोणतीही धरली तरी ती रेघ नव्हे, तो पट्टा आहे: कोणाचे नेहमीचे तापमान ९७.४ असते, कोणाचे ९८.८. शिवाय ते दिवसभरात बदलते. पहाटे सर्वांत कमी आणि दुपारनंतर, साधारण चार ते सहाच्या सुमारास, सर्वांत जास्त असते. हा फरक सुमारे एक अंश फॅरनहाइटपर्यंत असू शकतो. स्त्रियांमध्ये पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात ते अर्धा-एक अंशाने वर राहते. म्हणून संध्याकाळी ९९ दिसले की "बारीक ताप आहे" असे ठरवून गोळी देऊ नये.

सर्वसाधारणपणे जिभेखाली १०० किंवा त्याहून अधिक, काखेत ९९ किंवा त्याहून अधिक, आणि कानात किंवा गुदद्वारात १००.४ किंवा त्याहून अधिक असेल तर ताप धरतात. म्हाताऱ्या माणसांचे मूळ तापमानच कमी असते आणि गंभीर संसर्गातही त्यांचा ताप फारसा चढत नाही. एरवी ९७ च्या आसपास असणाऱ्या आजींचा आकडा ९९ वर गेला आणि त्या जेवेनाशा झाल्या, असंबद्ध बोलू लागल्या, तर "शंभरसुद्धा नाही" म्हणून थांबू नये. हे टाळण्यासाठी घरातल्या प्रत्येकाचे तापमान तो बरा असताना, ज्या जागी पुढे मोजणार त्याच जागी, सकाळी आणि संध्याकाळी दोन-तीन दिवस मोजून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावे. थर्मामीटर घेतल्यावर करण्याचे पहिले काम हेच. त्यात हात बसतो आणि उपकरणाचीही तपासणी होते.

वहीतली नोंद

नोंदीला चार रकाने पुरतात: तारीख व वेळ, आकडा, जागा, आणि दिलेले औषध. "सकाळी ७, १०१.४, काख, ७.१० ला पॅरासिटामॉल ५००. ९ वाजता ९९.२, काख, घाम आला" अशी एक ओळ डॉक्टरांना बरेच काही सांगून जाते. दर चार ते सहा तासांनी, गोळी देण्यापूर्वी आणि अंगात कणकण किंवा हुडहुडी वाटली तेव्हा मोजणे पुरेसे आहे. दर पंधरा मिनिटांनी थर्मामीटर लावल्याने ताप उतरत नाही, घरातल्यांची काळजी तेवढी वाढते. शांत झोपलेल्या मुलाला केवळ मोजण्यासाठी उठवू नये. पॅरासिटामॉलचा परिणाम अर्ध्या-एक तासाने दिसू लागतो, त्यामुळे दहा मिनिटांत "गोळी लागू पडली नाही" असे ठरवून दुसरी देऊ नये; दोन मात्रांमध्ये निदान चार, शक्यतो सहा तास जावेत. मुलांची मात्रा वयावर नव्हे तर वजनावर ठरते, आणि ५ मिलीलिटरमध्ये १२० मिलिग्रॅमचे व २५० मिलिग्रॅमचे अशी वेगवेगळी सिरपे मिळतात, म्हणून डॉक्टरांनी सांगितलेले "एक चमचा" कोणत्या बाटलीतले, हेही वहीत असावे. मुलांना ॲस्पिरिन देऊ नये.

फोनवर आकडा सांगताना शब्द पूर्ण उच्चारावेत. घाईत म्हटलेले "शंभर-दोन" पलीकडे १००.२ असेही ऐकू येते आणि १०२ असेही. "शंभर पॉइंट दोन" किंवा "एकशे दोन" असे सांगावे.

डॉक्टरांकडे कधी जावे

तीन महिन्यांच्या आतील बाळाला गुदद्वारात १००.४ किंवा त्याहून अधिक, अथवा काखेत ९९ किंवा त्याहून अधिक ताप असेल तर घरी वाट पाहू नये, रात्र असली तरी निघावे. कोणत्याही वयात १०४ किंवा त्यावरचा ताप, मान ताठ होणे, धाप लागणे, दाबल्यावरही फिके न पडणारे चट्टे, सतत उलट्या, लघवी फार कमी होणे, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे, यांपैकी काहीही दिसले तर वहीतले आकडे मोजत बसू नये. साधा दिसणारा तापही तीन दिवसांपुढे गेला तर रक्त तपासून घ्यावे.

पावसाळ्यात आणि त्यानंतर याचे महत्त्व वाढते. २०१९ आणि २०२१ सालच्या महापुरांनंतर कृष्णाकाठच्या लोकांना साचलेले पाणी, डास आणि चिखल यांच्यासोबत येणाऱ्या आजारांची ओळख झालेली आहे. डेंग्यूत ताप उतरू लागतो तोच काळ, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसादरम्यानचा, धोक्याचा असू शकतो. थर्मामीटर ९८ दाखवत असताना पोटात तीव्र दुखणे, हिरड्यांतून रक्त, हातपाय गार पडणे किंवा अतिशय थकवा असेल तर तातडीने रुग्णालय गाठावे. डेंग्यूचा संशय असताना ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नये. चिखलात, गुडघाभर पाण्यात काम करणाऱ्या माणसाला ताप येऊन पोटऱ्या दुखू लागल्या आणि डोळे लाल झाले तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या आजाराचा) विचार व्हावा, म्हणून कामाचे स्वरूप डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

उष्माघात ही वेगळी गोष्ट आहे. भर उन्हात उसाच्या फडात किंवा रस्त्याच्या कामावर असलेला माणूस गोंधळल्यासारखा वागू लागला, कोसळला, तर त्याचे आतले तापमान १०४ च्या वर असू शकते, आणि घामाने ओल्या कपाळावर धरलेली गन ते दाखवणार नाही. येथे आकड्याची वाट पाहू नये. सावलीत नेऊन कपडे सैल करावेत, अंगभर पाणी मारून वारा घालावा, काखेत आणि जांघेत बर्फ किंवा गार कापड ठेवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पॅरासिटामॉलचा येथे उपयोग होत नाही. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नये.

तापात लहान मुलाला झटका आला तर त्याला कुशीवर वळवावे, तोंडात चमचा किंवा बोट घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, घड्याळाकडे पाहावे आणि पाच मिनिटांत झटका थांबला नाही तर लगेच रुग्णालयात न्यावे. थांबला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

देखभाल आणि विल्हेवाट

थर्मामीटर त्याच्या नळीत, कोरड्या आणि थंड जागी ठेवावा. खिडकीत, गॅसशेजारी किंवा गाडीच्या डिकीत ठेवू नये. पाऱ्याचा थर्मामीटर मोठ्या उन्हाळ्यात खोलीच्या उष्णतेनेच १०० च्या वर चढून बसतो. अशा वेळी तो आधी साध्या गार पाण्यात बुडवून मग झटकावा. डिजिटलबद्दल शंका आली तर एका भांड्यात अंगाला कोमट लागेल एवढे पाणी घेऊन त्यात दोन थर्मामीटरची फक्त टोके एकत्र बुडवावीत, दोन्हींत ०.४ फॅरनहाइटहून अधिक फरक आला तर तिसऱ्याशी ताडून पाहावे. बर्फाच्या पाण्यात तपासण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे, कारण हे उपकरण साधारण ९० अंश फॅरनहाइटखाली 'लो' याशिवाय काही दाखवत नाही. आकडे फिके पडले किंवा सेलची खूण लुकलुकू लागली की सेल बदलावा. बराच काळ न वापरलेल्या गनमधले सेल काढून ठेवावेत, ते पाझरले की आतले भाग गंजतात. काढलेला बटन सेल मुलांच्या हाती लागू देऊ नये. तो गिळला गेल्यास अन्ननलिका काही तासांत भाजते. उलटी करवू नये, सरळ रुग्णालयात जावे.

पाऱ्याचा थर्मामीटर फुटला तर मुलांना बाहेर न्यावे, खिडक्या उघडाव्यात, पंखा बंद करावा आणि हातातल्या सोन्याच्या अंगठ्या-बांगड्या आधी काढाव्यात, कारण पारा सोन्याला धरतो. केरसुणी किंवा व्हॅक्यूम क्लीनर वापरू नये. त्याने थेंब बारीक होऊन पसरतात. जाड कागदाच्या दोन तुकड्यांनी थेंब एकत्र लोटावेत, उरलेले चिकटपट्टीने टिपावेत, विजेरी जमिनीलगत तिरपी धरून फटी तपासाव्यात, आणि सगळे काचेसह घट्ट झाकणाच्या बाटलीत बंद करावे. ते मोरीत किंवा संडासात टाकू नये. फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर आणि वापरलेले सेल हा घातक कचरा असतो, म्हणून ती बाटली ओल्या-सुक्या कचऱ्यात न मिसळता, वर 'पारा' असे लिहून, नगरपालिकेच्या किंवा महापालिकेच्या कचरा गोळा करणाऱ्यांकडे सांगून स्वतंत्र द्यावी. गावात तशी सोय नसेल तर तालुक्याच्या ठिकाणी जाताना ती सोबत न्यावी.